अळणी तेरा दिवस

सल्लेडांडा, साउन १४

मितिनीज्यू,

हे तिसरं पत्र. आधीची दोन पोचली नाहीत असं तुम्ही म्हणाल, म्हणून हे टपालात न टाकता काकडभिट्ट्याच्या बसचा ड्रायव्हर सोमबहादुर याच्या हाती देते आहे. नेपाळची सीमा ओलांडली की तुमची सिलिगुडी तासाभरावर. तो ते घरात देईल आणि तुम्ही घेतलंत हे डोळ्यांनी बघून येईल.

फोन करून थकले. शेवटी भाचीनं माझा मोबाइल हातात घेतला आणि म्हणाली, "मावशी, त्यांनी तुम्हाला ब्लॉक केलंय." एकसष्टाव्या वर्षी मला हा शब्द शिकवला तो माझ्याच मितिनीनं, मानलेल्या जन्माच्या सखीनं! असो. आपल्या कॉन्व्हेंट शाळेच्या अक्षराला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

कामाचं लिहिते. मानबीर तामांगचे पाय सुजले आहेत. मानबीर आठवतो ना? नसेल आठवत तर यजमानांच्या पोटाला उजव्या बाजूनं हात लावून पाहा. चार वर्षांपूर्वी ते सिलिगुडीहून दक्षिणेला जाऊन नवी किडनी घेऊन आले, ती त्याची. राहिलेली एक आता थकली आहे. बनेपाच्या डॉक्टरांनी विचारलं, "ऑपरेशनआधीच्या तपासण्या कुठे आहेत?" मानबीर म्हणाला, "माझे मुतखडे काढले होते." डॉक्टर तरुण आहेत, पण आंधळे नाहीत. कुशीवरचा वीतभर वण बघून ते माझ्याकडे वळले आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले.

त्या तपासण्यांची फाईल तुमच्याकडे आहे. तुम्ही शाळेत पेन्सिलींची टोकंसुद्धा डबीत जपून ठेवत होतात, तेव्हा ती फेकलीत असं मला सांगू नका. तिच्याशिवाय डॉक्टर अंधारात आहेत. किडनी नात्यातल्याचीच घेता येते, म्हणून तिच्यात नात्याचा खोटा दाखला असणार, आणि त्याच्याशिवाय पोलीस माझी तक्रार पुढे नेत नाहीत. दलाल भीमलाल उजळ माथ्यानं मोटरसायकलवरून फिरतो आहे. तो मानबीरपर्यंत पोचलाच कसा, देव जाणे.

फाईल सोमबहादुरकडे द्या. मी दुसरं काही मागत नाही.

तुमची मितिनी

सल्लेडांडा, भदौ ५

मितिनीज्यू,

तुमच्या दारात आलेल्या बाईनं सोमबहादुरला सांगितलं, "घरात कुणी नाही." तो म्हणाला, "दिदी, घरात कुणी नव्हतं, पण आत खोकत होतं." तुमचा तो कोरडा खोकला मला इथून ऐकू आला. प्रार्थनेच्या वेळी हसू दाबायला तुम्ही तसंच खोकायचात.

मला राग येतो आणि मग लगेच धोबीघराची मागची भिंत आठवते. आपण अकरा वर्षांच्या. वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींच्या आड तुम्ही मला एक नाणं दिलंत, मी तुम्हाला दिलं. केसांच्या फिती बदलल्या, कुंकू नव्हतं म्हणून लाल शाईचा टिळा लावला. तुम्ही जातीनं छेत्री, मी नेवार. त्या दिवसापासून आपण मितिनी; एकमेकींचं नाव घेतलं नाही की 'अगं' म्हटलं नाही. सिस्टर ऑगस्टीननं पकडल्यावर विचारलं, "हे काय सोंग?" तुम्ही म्हणालात, "सिस्टर, आता हिच्या घरी कुणी मेलं तर मलाही सुतक." सिस्टर मग म्हणाली, "बाप्तिस्म्यापेक्षा हे कडक दिसतं. कपाळं धुऊन या."

इतकं पक्कं नातं आणि दारातून 'कुणी नाही'!

इथली हालत ऐका, म्हणजे मी का डोकं खाते आहे ते कळेल. मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. नवी नर्स आली, आठ दिवस राहिली आणि रडत परत गेली, म्हणून आरोग्य चौकीत अजून मीच बसते. बसते म्हणजे माश्या मारते. लोक येतच नाहीत. रक्त तपासायला सुई काढली की बाया पोरं उचलून पळतात. रक्तगट तपासला की माणूस हेरला जातो, हे आता गावाला पाठ झालं आहे. वैशाखात लसीकरणाला अकरा मुलं आली, यायला हवी होती सत्तर. जेठात गोवर आला. त्याच आठवड्यात शेळ्यांचा डॉक्टर आला तर पिंपळाखालच्या चौतारीपर्यंत रांग! मी हर्केला, आमच्या शिपायाला, म्हटलं, "बघ, शेळ्यांचं नशीब." तो म्हणाला, "शेळीची किडनी कोण नेतो, दिदी? नेली तरी आधी तिला मारतात. फसवत नाहीत."

आणि आइतमाया. पोट दुखतंय म्हणून तीन दिवस तळमळली. साधं अपेंडिक्स. मी दारात हात जोडून उभी राहिले, "बाई, बनेपाला चल, मी बरोबर येते." तिची सासू म्हणाली, "पोट फाडून आणखी काय काढतील ते कुणी बघितलंय? तुम्ही मोठ्या माणसांना ओळखता." चौथ्या दिवशी डोलीत घातली. चौतारीवर डोली टेकवली तेव्हा तिला पाणी पाजायलाही उशीर झाला होता. अठ्ठावीस वर्षांची होती.

हे सगळं एका किडनीमुळे झालं नाही, हे मलाही कळतं. गावात असे वण चार आहेत. एक जण तिकडच्या सुयांतून कावीळ घेऊन आला, ती आता त्याच्या बायकोच्याही रक्तात आहे. पण पहिला वण मानबीरचा.

आणि मानबीर! त्याच्याशी डोकं फोडायला माझ्याकडे आता डोकंही उरलेलं नाही. परवा गेले तर गुंद्रुकच्या आंबवलेल्या पाल्याचं सार ओरपत बसलेला.

"मीठ कमी कर म्हटलं होतं ना?"

"कमीच केलंय, दिदी."

आतून त्याची बायको सुकुमाया ओरडली, "कमी कसलं! लोणच्याची बरणी उशाशी घेऊन झोपतो म्हातारा."

"बत्तीस वर्षांचा मी, म्हातारा म्हणते!"

"पाय बघ स्वतःचे. हत्ती बरा त्यापेक्षा."

मी म्हटलं, "पोलिसांत चल. भीमलालनं काय सांगितलं होतं ते सांग." भीमलालनं सांगितलं होतं की किडनी परत उगवते. मानबीरला ते पटलंही. "चाऱ्याचं झाड छाटलं की फुटतंच की, दिदी." मिळालेल्या पैशात अर्ध्या घरावर पत्रा पडला, उरलेलं अर्धं अजून गवताचं आहे. तरी हा तोंड उघडत नाही. का, तर म्हणतो, "माझ्या मिताचं नाव पोलिसांत कसं देऊ?"

सिलिगुडीच्या हॉटेलच्या खोलीत भीमलालनं त्याची आणि तुमच्या यजमानांची, बस्नेतसाहेबांची, मितेरी लावली, आपल्यासारखीच. नाणी बदलली, टोप्या बदलल्या. तुम्ही ताटात अक्षता, दही आणि कुंकू कालवलंत आणि दोघांना टिळा लावलात. मानबीर अजून सांगतो, "मितिनीआमाचे हात थरथरत होते. मीच म्हटलं, आमा, घाबरू नका."

ही युक्ती भीमलालची, की तुमची? आपली गोष्ट त्याला कुणी सांगितली?

फाईल द्या.

तुमची मितिनी

सल्लेडांडा, भदौ ३०

मितिनीज्यू,

सोमबहादुर यावेळी तुमच्या शेजारच्या पानवाल्याकडून बातमी घेऊन आला. बस्नेतसाहेब असारात गेले. म्हणजे मी तुम्हाला पोटाला हात लावून बघा असं लिहिलं, तेव्हा ते पोटच नव्हतं. ते वाक्य मी कसं लिहिलं आणि तुम्ही ते कसं वाचलंत, हे आठवून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. माफ करा.

आणि मग पुन्हा राग आला, तोही लिहिते. मला कळवलं का नाहीत? लग्नात तुमच्या मागे पदर धरून मी उभी होते. बस्नेतसाहेब मला चिडवायचे, "नर्सबाई, तुमच्या मितिनीला स्वयंपाक येत नाही हे आधी सांगायला हवं होतंत." चांगला माणूस होता. चांगल्या माणसांना जगायचं असतं, यात काय चुकलं? चुकतं ते पुढे.

मी मानबीरला सांगायला नको होतं. त्याची नाडी बघता बघता तोंडातून निघून गेलं. तो उठला, न्हाव्याकडे गेला आणि डोकं भादरून आला. मग भटजींच्या, उपाध्याय बाजेंच्या, ओट्यावर जाऊन उभा राहिला. मी मागोमाग, धापा टाकत.

"बाजे, छेत्री लोक मेल्यावर कसं पाळतात ते सांगा."

बाजे हसले. "तू तामांग, तुझे लामा वेगळे. आणि मितासाठी पाच दिवस पुष्कळ झाले. तेरा दिवस मुलानं पाळायचे."

मानबीर म्हणाला, "त्यांच्याबरोबर माझं एक अंग जळलं, बाजे. स्वतःच्या अंगाला किती दिवस असतात?"

बाजेंचं हसू मावळलं. म्हणाले, "तेरा पाळ."

तेरा दिवस त्यानं अंगणाच्या कोपऱ्यात पांढरं गुंडाळून स्वतः शिजवलेला एकवेळचा भात खाल्ला. तेल नाही, मीठ नाही. आणि काय सांगू, मितिनीज्यू, सूज उतरली! दोन वर्षं मी घसा फोडून सांगते आहे, चित्रं काढून दाखवली, बरणी लपवली, ती त्यानं शोधून काढली. माझ्यासाठी चिमूटभर मीठ सोडलं नाही. त्या हॉटेलच्या खोलीतल्या मितासाठी सगळं सोडलं. मला हसावं की त्याच्या भादरलेल्या डोक्यावर थापट मारावी, कळेना. चौदाव्या दिवशी सुकुमाया म्हणाली, "दिदी, आणखी कोणी मरायचं आहे का ह्याच्या ओळखीचं? याचे पाय बरे राहतील."

डॉक्टर म्हणाले, सूज उतरली म्हणजे किडनी बरी झाली असं नाही. डायलिसिसची वेळ जवळ आली आहे.

आता मला जे लिहायचं आहे ते लिहिते. साउनातल्या पत्रात मी 'देव जाणे' असं लिहिलं. देवाबरोबर मीही जाणते.

तुम्ही फोन केलात त्या दिवशी मी चौकीच्या पायरीवर संत्री सोलत होते. तुम्ही म्हणालात, "ओ गटाचे धडधाकट लोक आहेत का तुमच्याकडे? यांना दोन बाटल्या रक्त लागेल." मी आत गेले, रक्तगट तपासणीच्या शिबिराच्या वहीतून चार नावं उतरवली, माझा शिक्का मारला आणि तुमचा माणूस आला त्याला चिठ्ठी दिली. तो भीमलाल होता. चार वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी रक्तासाठी नावं दिली. तीस वर्षं नर्स राहिलेल्या बाईला ठाऊक असतं की सिलिगुडीत दोन बाटल्या रक्त मिळतं. त्यासाठी डोंगरातली माणसं लागत नाहीत. मी विचारलं नाही, कारण तुम्ही रडत होतात आणि मला उत्तर ऐकायचं नव्हतं.

त्या चिठ्ठीवर चार नावं होती. गावात वण चार आहेत.

आइतमायेची सासू म्हणाली, तुम्ही मोठ्या माणसांना ओळखता. तिला चिठ्ठीचं ठाऊक नव्हतं. मला होतं. मी हात जोडून उभी होते ना दारात, ते त्या चिठ्ठीपायीच.

सिस्टर ऑगस्टीन म्हणायची, पाप कुणाचं ते न सांगता केलेली कबुली म्हणजे नुसत्या गप्पा. या गप्पा नाहीत. चिठ्ठीही त्याच फाईलमध्ये असणार. तरी फाईल पाठवा.

तुमची मितिनी

सल्लेडांडा, असोज १९

मितिनीज्यू,

फाईल मिळाली. उशीच्या अभ्र्यात गुंडाळून, टाके घालून. पत्र नाही, चिठोरं नाही. टाके मात्र शाळेत शिकवलेले, आडवे आणि सारख्या अंतराचे. मी ते उसवायला बसले तेव्हा कात्री चालेना.

सगळ्यात वर माझी चिठ्ठी. माझं अक्षर, माझा शिक्का, 'मानबीर तामांग, ओ पॉझिटिव्ह, प्रकृती उत्तम'. मी ती काढून कुंकवाच्या डबीखाली ठेवली. दुपारभर तिथे होती. हर्के चहा घेऊन आला तर मी डबीवर हात ठेवून बसले. तो म्हणाला, "डबीत काय आहे, दिदी, साप?" संध्याकाळी मी ती परत जागेवर लावली. हा काही पराक्रम नाही. दुपारभर लागली, एवढंच सांगते आहे.

दुसऱ्या दिवशी मानबीर आणि सुकुमायाला घेऊन बनेपाला गेले. आधी त्यांना चिठ्ठी दाखवली. बसस्टँडवर, उभ्यानंच. मला वाटलं सुकुमाया माझ्या झिंज्या धरेल. तिनं धराव्यात असंही वाटलं. ती म्हणाली, "वाचून दाखव." मी वाचली. 'प्रकृती उत्तम' ऐकल्यावर तिनं मानबीरच्या पायांकडे पाहिलं. मग बसच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली आणि अजून माझ्याशी बोलत नाही. मानबीर बोलतो, तेच जास्त लागतं.

डॉक्टरांनी पानं उलटली. एका पानावर थांबले, परत वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"यांची डावी किडनी जन्मापासून लहान आणि अशक्त आहे," ते म्हणाले. "इथे स्पष्ट लिहिलंय. अशा माणसाची किडनी घ्यायचीच नाही. आणि घेतलीच तर देणाऱ्याकडे चांगली ठेवायची, हा पहिला नियम. यांनी चांगली नेली."

मानबीरनं विचारलं, "म्हणजे चुकून?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "वाचून."

ते पान मी पाहिलं, मितिनीज्यू. 'लहान आणि अशक्त' या शब्दांखाली लाल रेघ आहे. पट्टी लावून मारलेली, दोन्ही टोकांना छोटे उभे दांडे. अशी रेघ आख्ख्या शाळेत एकच मुलगी मारायची.

मी डॉक्टरांना सांगितलं नाही. मानबीरलाही नाही. तुम्हाला मात्र सांगते की मी पाहिली. बसमध्ये मी तुम्हाला मनात इतकं बोलले की शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "बाई, सुनेशी भांडण झालं का?"

मग घरी आल्यावर दुसरी गोष्ट डोक्यात आली. अभ्रा शिवायच्या आधी तुम्ही फाईल चाळली असणार. ते पान काढणं सोपं होतं. कुणाला कळलं असतं?

मानबीरला फाईल पाहायची होती. वाचता येत नाही, पण एकेक पान उजेडाकडे धरून बघत होता. आपला फोटो ओळखला. "खाली काय लिहिलंय?"

"रणध्वज बस्नेत, रोग्याचा सख्खा धाकटा भाऊ."

"हा कोण?"

"कुणी नाही. असा माणूसच नाही."

तो सगळी पानं पुन्हा उलटू लागला. मी म्हटलं, "काय शोधतोस?"

"मितेरीचा कागद कुठला, दिदी?"

"मितेरीचा कागद नसतो, बाबा."

"इतके कागद केले, तो एक नाही केला? मग टोप्या कशाला बदलल्या?" त्यानं फाईल मिटली. मग म्हणाला, "म्हणजे भाऊ दवाखान्यासाठी आणि मित माझ्यासाठी. मी तोंड उघडू नये म्हणून."

तो उठला, सुकुमायाला म्हणाला, "टोपी दे. पोलिसांत जाऊ."

जबाब दिला. भीमलालचं नाव दिलं. माझी चिठ्ठी मी हातानं टेबलावर ठेवली. हवालदारानं मला ओळखलं. त्याच्या मुलीला पहिली लस मीच दिली होती. त्यानं विचारलं, "दिदी, हे ठेवायचं नक्की?" म्हटलं, "ठेव." दसैंच्या सणानंतर मला परत बोलावलं आहे. तुम्हालाही बोलावणं येईल.

तुमची मितिनी

सल्लेडांडा, कार्तिक ४

मितिनीज्यू,

काल विजयादशमी झाली. सगळं गाव लाल कपाळानं फिरतं आहे. शेळ्यांच्या कपाळावरसुद्धा टिळे आहेत. नाहीत ते दोनच ठिकाणी. मानबीरच्या, कारण त्याच्या मिताचं वर्ष आहे. आणि माझ्या, कारण तुमचं सुतक ते माझं. हे धोबीघरामागे तुम्हीच सिस्टरला सांगितलं होतंत. तिसरं कपाळ सिलिगुडीत.

डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा मी त्याच्याबरोबर बनेपाला जाते. सुकुमाया डबा देते, माझ्याकडे न बघता. डबे दोन असतात. दोन्ही अळणी.

चौकीवर परवा आइतमायेची सासू नातवाला घेऊन आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, "ऐकलं की तू स्वतःचं नाव स्वतः दिलंस." मी हो म्हटलं. तिनं पोराची बाही वर केली आणि म्हणाली, "टोच. पण मी इथेच उभी राहून बघणार." मी टोचलं. तिनं डोळे हलवले नाहीत. एवढं एक पोर.

आता मानबीरचा प्रश्न. तो मला रोज विचारतो आणि मी रोज चिडते, कारण त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. काल पुन्हा डायलिसिसची सुई लावून पडल्या पडल्या म्हणाला, "दिदी, भीमलालचं सोंग होतं, कबूल. पण आमांचे हात थरथरत होते, ते? साहेबांनी माझी टोपी घातली ती उतरवली का लगेच, की घालून झोपले? मी तेरा दिवस पाळले ते कुणाचे? एवढं विचारा."

हॉटेलच्या त्या खोलीत होते त्यांतले बस्नेतसाहेब गेले आणि भीमलालच्या शब्दाला किंमत नाही. उरलात तुम्ही.

तुम्ही तुमचं पान काढलं नाहीत, मी माझं काढलं नाही. म्हणून अजून मितिनीज्यू लिहिते आहे. लाल रेघेबद्दल पोलिसांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा; मला विचारलं तर मी खरं सांगेन. पण मानबीरला काय सांगायचं ते पत्रानं कळवू नका. सोमबहादुरची बस मंगळवारी तिथून सुटते. त्यानं पुढची खिडकीची जागा धरून ठेवली आहे.

मी मानबीरला म्हटलं, "वाट बघत बसू नकोस." तर यानं अंगणात, जिथे तेरा दिवस बसला होता तिथे, दोन गोणपाटं अंथरून ठेवली आहेत. आणि सुकुमायाला विचारत होता, छेत्री विधवा कुणाच्या हातचं खात नसते वर्षभर, तर मग आमांना चूल वेगळी मांडून द्यावी लागेल का.

सुकुमाया म्हणाली, "मांड. मीठ मात्र मी देणार नाही."

तुमची मितिनी